केस पेपरची रांग आणि प्रोसेसरची किंमत

रायगड किनाऱ्यावरच्या गावातून पहाटेची एसटी पकडून सरकारी रुग्णालयात आलेल्या माणसाला 'थांबा, सर्व्हर स्लो आहे' हे ऐकावे लागले, की उपाय ठरलेला असतो : मोठा सर्व्हर घ्या. मोठा म्हणजे महाग आणि महाग म्हणजे चांगला, हे गृहीतच. औषधांच्या बाबतीत जेनेरिक की ब्रँडेड हा वाद निदान होतो तरी.

प्रोसेसरबाबतही तो व्हायला हवा. २०१७ साली इंटेलच्या २८ कोअरच्या झिऑन प्लॅटिनम ८१८० ची किंमत सुमारे दहा हजार डॉलर होती. त्याच वर्षी एएमडीने ३२ कोअरचा एपिक ७६०१ सुमारे ४,२०० डॉलरला आणला. काही कामांत हा पुढे, काहींत तो. पण किंमत निम्म्याहून कमी. २०१९ मध्ये तर एएमडीचा ६४ कोअरचा प्रोसेसर सात हजारांच्या आत आला.

मग जास्त कोअरचा स्वस्त प्रोसेसर घेऊन मोकळे व्हावे? तसेही नाही. कोअर म्हणजे ओपीडीतले डॉक्टरचे टेबल. केस पेपरची खिडकी एकच असेल, तर आत चौसष्ट डॉक्टर बसवूनही रांग हलत नाही. संगणकात ही खिडकी बहुधा जुनी हार्ड डिस्क किंवा नेटवर्क असते. शिवाय एसक्यूएल सर्व्हरसारख्या डेटाबेसचा परवाना कोअर मोजून घ्यावा लागतो. प्रोसेसरवर वाचलेले पैसे तिकडे जाऊ शकतात. सीटी स्कॅनच्या त्रिमितीय प्रतिमा बनवणाऱ्या वर्कस्टेशनवर बराचसा भार ग्राफिक्स कार्ड उचलते. आणि एक्स-रे नुसता पाहायचा असेल तर पैसे चांगल्या मॉनिटरवर घालावेत.

एका गोष्टीत मात्र काटकसर नको. मेमरीतला एखादा आकडा आपोआप उलटू शकतो. अशी चूक पकडून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी सर्व्हरमध्ये असते, साध्या डेस्कटॉपमध्ये सहसा नसते. रक्तगटाच्या नोंदी ठेवायला 'हाही चालेल' म्हणून डेस्कटॉप बसवणे हा निष्काळजीपणा आहे.

विजेचे गणित कोटेशनमध्ये नसतेच. २०५ वॅट खाणारा प्रोसेसर वर्षभर पूर्ण भाराने चालला, तर एकटाच सुमारे १,८०० युनिट घेतो. त्याला थंड ठेवणारा एसी वेगळा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मुरुडकडची कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. खारा, दमट वारा तर रोजचाच. इथे प्रोसेसरवर वाचलेला पैसा यूपीएस, बंदिस्त खोली आणि दुसऱ्या गावी ठेवलेली नोंदींची प्रत यांवर खर्च झाला पाहिजे.

बेंचमार्कचे आकडे लॅबच्या रिपोर्टसारखे आहेत. रिपोर्ट पाहून कोणी रुग्ण न तपासता ऑपरेशन करत नाही. निविदेत प्रोसेसरचे नाव लिहिण्याऐवजी काम लिहावे : सकाळी नऊ ते अकरा किती केस पेपर निघतात, जुना एक्स-रे किती सेकंदांत उघडला पाहिजे. मग रुग्णांची नावे काढलेल्या आपल्याच नोंदी घालून दोन्ही यंत्रे सोमवारच्या गर्दीइतक्या भाराने चालवून पाहावीत, आणि तेही बिल मंजूर होण्याआधी.