नव्व्याण्णव टक्क्यांची बातमी

दर काही महिन्यांनी आपल्या राष्ट्रीय विज्ञानवार्तांत एक मथळा हमखास झळकतो: देशातील अमुक संस्थेत प्रकाशाने जीवाणू मारणारे संयुग तयार झाले, प्रतिजैविकांना पर्याय सापडला! भौतिकशास्त्राचा संशोधक या नात्याने हा विषय मला प्रिय आहे. म्हणूनच या मथळ्याविरुद्ध लिहीत आहे.

कल्पना नवी नाही. अ‍ॅक्रिडिन रंगद्रव्याच्या द्रावणातील पॅरामेशियम उजेडात मरतात आणि अंधारात तगतात, हे म्युनिकच्या ऑस्कर राब याने १९०० सालीच प्रसिद्ध केले होते. प्रकाशसंवेदक रेणू प्रकाश शोषून ती ऊर्जा ऑक्सिजनला देतो. त्यातून निर्माण होणारा सिंगलेट ऑक्सिजन जीवाणूची प्रथिने, पटलातील मेद आणि डीएनए यांवर एकाच वेळी घाला घालतो. लक्ष्य एकच नसल्याने जीवाणूला प्रतिरोध कमावणे अवघड जाते. हे सामर्थ्य खरे आहे.

मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. पाण्यात सिंगलेट ऑक्सिजन काही मायक्रोसेकंदच टिकतो. म्हणून संवेदक जीवाणूला बिलगलेलाच असावा लागतो. तांबडा प्रकाशदेखील शरीराच्या ऊतींत काही मिलिमीटरच शिरतो. रक्तात पसरलेल्या संसर्गापुढे हा उपाय हतबल आहे. मग ‘पर्याय’ हा शब्द कोणत्या आधारावर?

आणि ते ‘९९ टक्के जीवाणू नष्ट’? दहा कोटींपैकी ९९ टक्के मेले, तरी दहा लाख उरतात. अनुकूल माध्यमात वीस मिनिटांना दुप्पट होणारा ई. कोलाय ही तूट सव्वादोन तासांत भरून काढतो.

काही सहकारी म्हणतात, अशा बातम्यांनी उत्साह वाढतो, निधी मिळतो. मिळतो खरा, पण कशाला? दरवर्षी नवा नॅनोकण घडवायला. १८७६ पासून ज्ञात असलेले, स्वस्त, कोणाच्याही मक्तेदारीत नसलेले मेथिलिन ब्लू आणि ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा एलईडी घेऊन मधुमेहींच्या पायांच्या चिघळलेल्या जखमांवर काटेकोर चाचणी करणे हे कष्टाचे काम आहे. त्याला मथळा मिळत नाही. उथळ, उघडी जखम हेच तर या पद्धतीचे खरे क्षेत्र! २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट प्रतिजैविक-प्रतिरोधामुळे झाले, असा अंदाज आहे. त्या आकड्यापुढे आपली कौतुकाची घाई अशोभनीय ठरते.

विद्यार्थिमित्रहो, अशी बातमी वाचाल तेव्हा चार प्रश्न विचारा. संयुग अंधारात किती जीवाणू मारते? संयुगाविना नुसता प्रकाश किती मारतो? जीवाणू द्रवात तरंगणारे होते, की जखमेवर चिकट थर धरून बसलेले? आणि त्याच प्रकाशात माणसाच्या पेशींचे काय झाले? उत्तरे मिळाली तर अवश्य टाळ्या वाजवा. न मिळाली, तर ती बातमी पुढे पाठवू नका.