घरी शिकणाऱ्या मुलांच्या अध्ययन-तासांची नोंद ग्राह्य धरावी

प्रति,
मा. आयुक्त (शिक्षण),
महाराष्ट्र राज्य, पुणे.

विषय : ६ ते १४ वयोगटातील, होमस्कूलिंग करणाऱ्या मुलांच्या शिकण्याच्या तासांसाठी नोंदवहीचा नमुना ठरवून देण्याबाबत व ती नोंद ग्राह्य धरण्याबाबत.

महोदय,

आम्ही राज्याच्या वेगवेगळ्या भागांत राहणारे, आपल्या मुलांना घरी शिकवणारे पालक आहोत. आमची मुले कोणत्याही शाळेच्या पटावर नाहीत, पण त्यांचे शिक्षण थांबलेले नाही. ते चालू आहे हे शासनाला दाखवायचे कसे, हा प्रश्न घेऊन आम्ही आपल्याकडे आलो आहोत.

दहावीची वाट मोकळी आहे. वय बसले की १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाच्या, किंवा वेगळी नोंदणी करून ‘एनआयओएस’ या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला बसता येते. राज्य मुक्त विद्यालय मंडळाने पाचवी आणि आठवीच्या स्तराचीही सोय केली आहे. पण परीक्षा काही तासांत उरकते. तिच्या आधीच्या वर्षांत मूल रोज काय करत होते, याचा शासनदरबारी कागदच नसतो. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी दारात आलेल्या शिक्षिकेच्या हातातल्या तक्त्यात शाळेचे नाव विचारलेले असते. ती जागा रिकामी राहिली की मुलाच्या नावापुढे ‘शाळाबाह्य’ लागते. वीटभट्टीवर विटा वाहणारे मूल आणि रोज गणित, वाचन, विज्ञान करणारे मूल मग एकाच रकान्यात येतात. पहिल्या मुलाकडे जायला हवे ते लक्ष दुसऱ्याच्या चौकशीत खर्च होते. हे दोघांच्याही हिताचे नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १० ने मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य मानले आहे, याची आम्हाला जाणीव आहे. त्या कायद्यात होमस्कूलिंगला स्वतंत्र जागा नाही, आणि त्यासाठी पालकांना शिक्षाही सांगितलेली नाही. कायदा बदलणे आपल्या अखत्यारीतले नाही आणि आमची ती मागणीही नाही. मात्र त्याच कायद्याच्या अनुसूचीत एक माप दिलेले आहे : पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० अध्यापन तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास. हे माप शाळांसाठी आहे. आम्ही ते स्वतःहून आमच्या मुलांना लावून घ्यायला तयार आहोत.

८०० तास २०० दिवसांत बसवले तर रोजचे चार तास होतात. घरात उन्हाळ्याची आणि दिवाळीची लांब सुट्टी नसते. वर्षातले ३०० दिवस धरले तर तेच काम रोज २ तास ४० मिनिटांत होते. शाळेत कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक असतो, घरी एका मुलासमोर आई किंवा वडील बसलेले असतात. त्यामुळे घड्याळाकडे पाहून मुलाला अकरा ते पाच बसवून ठेवण्यात अर्थ नाही. आमच्यातल्या एका कुटुंबाकडे मात्र एका कार्यालयात नेमके तसेच वेळापत्रक मागितले गेले. असे वेळापत्रक एका रात्रीत लिहून देता येते आणि त्यातले एक अक्षरही खरे नसते. खोटे कागद तयार करायला लावणारी पद्धत आम्हाला नको आहे.

खरी नोंद कशी असते, हे दाखवण्यासाठी नऊ वर्षांच्या एका मुलीच्या वहीतले एक पान येथे देतो. ‘मंगळवार. शेवग्याच्या सावलीची लांबी सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ वाजता टेपने मोजली, आलेख काढला : १ तास १० मिनिटे. मोठ्याने वाचन व पाच वाक्यांत सारांश : ४० मिनिटे. अपूर्णांकांची बेरीज : ३५ मिनिटे. अडले कुठे : छेद वेगळे असले की छेदांचीही बेरीज करते, उद्या पुन्हा.’ सोबत आलेखाचा कागद चिकटवलेला आहे. या पानावरून तास कळतात आणि मूल कुठे अडले आहे हेही कळते. आमच्या मते ही शेवटची ओळ सगळ्यात मोलाची आहे. नुसत्या तासांच्या बेरजेला ती नसेल तर फारशी किंमत नाही.

तास मोजण्याची कल्पना नवी नाही. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे १२०० अध्ययन तास धरले आहेत आणि ३० तासांना एक क्रेडिट दिले आहे. त्यात वर्गातल्या शिकवण्याबरोबर प्रयोग, प्रकल्प, खेळ, समाजकार्य हेही मोजले जाते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्य घरी शिकणाऱ्या मुलांसाठी सहावीपर्यंत वर्षाला ९०० तास मागते आणि दर तीन महिन्यांनी पालकांकडून तासांचा अहवाल घेते.

आणखी एक गोष्ट आम्हीच पुढे होऊन मांडतो, कारण शासनाची शंका रास्त आहे. ‘मूल घरी शिकते’ असे सांगून त्याला कामाला जुंपले जाऊ शकते, मुलीला धाकट्या भावंडांसाठी घरी ठेवले जाऊ शकते. बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलाला घरच्या व्यवसायात मदत करण्याची सूट दिली, ती शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत. ज्याला शाळाच नाही त्याची ‘शाळेची वेळ’ कोणती? शिकण्याच्या तासांची नोंद असेल तरच या प्रश्नाला उत्तर आहे. म्हणून ही नोंद सक्तीची करावी, असे आम्ही म्हणतो.

यासाठी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत मराठीत एक साधा नमुना तयार करावा : तारीख, विषय, काय केले, किती वेळ, कुठे अडले, आणि महिन्याला मुलाच्या हातचे दोन-तीन कागद. तास वर्षाच्या बेरजेने धरावेत, रोजच्या ठरावीक वेळेने नव्हे. ग्रंथालय, शेत, संगीताचा वर्ग, किल्ल्यावरचा अभ्यास, हे सगळे नोंद असेल तर मोजावे.

केंद्रप्रमुखांनी वर्षातून दोनदा वही पाहावी आणि मुलाशी दहा-पंधरा मिनिटे बोलावे. ते बोलणे पालकांशी नव्हे, मुलाशी व्हावे. वही पाहिल्याची पोच मिळावी. सर्वेक्षणात ‘घरी शिक्षण’ असा वेगळा रकाना असावा. वही दाखवता आली नाही किंवा मूल कामावर आढळले, तर त्याला शाळाबाह्य धरून शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शाळेत दाखल करावे. आमचा त्याला पाठिंबाच राहील. आणि एखादे मूल स्वेच्छेने शाळेत जाऊ इच्छित असेल, तर वयानुरूप वर्गात बसवताना हीच वही मुख्याध्यापकांनी विचारात घ्यावी.

या नमुन्यावर बोलण्यासाठी आपण आम्हाला वेळ द्यावी. आमच्या वह्या आणि आमची मुले, दोन्ही घेऊन आम्ही येऊ. जूनमध्ये नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी याबाबत परिपत्रक निघावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
घरी मुलांना शिकवणारे पालक
(सह्यांची यादी व नोंदवह्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.)