नोकरी गेली, विम्याचं काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीने मोटारीच्या सुट्या भागांच्या विभागातल्या आणखी १३,००० नोकऱ्या २०३० पर्यंत कमी करणार असं जाहीर केलं. बहुतेक जर्मनीतल्याच. मागणी कमी, स्पर्धा जास्त, असं कारण देतात. त्यात विजेच्या गाडीला डिझेलचा इंजेक्टर लागतच नाही! नाशिकला सातपूरच्या बॉशमध्ये इंजेक्टरच बनतात, म्हणून तिथला माझा भाचा फोनवर काळजीत होता.

मी इथे स्टेट कॉलेजला लेकीकडे राहते. इथेही २००३ मध्ये कॉर्निंगचा टीव्हीच्या काचेचा कारखाना बंद झाला. पिक्चर ट्यूबच गेली ना.

मी पडले नर्स, मला पगाराआधी औषधं आठवतात. जर्मनीत नोकरी गेली तरी आजारपणाचा विमा सुटत नाही. अमेरिकेत तो बहुधा नोकरीलाच बांधलेला. ‘कोब्रा’ कायद्याने साधारण १८ महिने तोच विमा ठेवता येतो, पण मालकाचा हिस्साही आपणच भरायचा, वर २ टक्के. पगार बंद, मग भरणार कुठून? माणूस इन्शुलिन पुरवून पुरवून घेतो. अशी माणसं मी वॉर्डात पाहिली आहेत.

भाच्याला पहिलं तेच विचारलं, “बाबा, कंपनीचा सोडून घरचा वेगळा विमा आहे का रे?” तो गप्पच बसला.