चाळीस मजल्यांचा खर्च कोणाचा?

वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत आणि सामाईक शौचालयांपुढच्या रांगेत ज्यांच्या तीन पिढ्या गेल्या, त्यांना ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर विनामूल्य मिळावे, ही घटना निर्भेळ आनंदाची होय. गोरेगावच्या पत्रा चाळीतील ६७२ कुटुंबांचा पुनर्विकासाचा करार २००८ साली झाला आणि त्यानंतर घराची वाट पाहण्यात त्यांचे एक तपाहून अधिक काळ गेला. हे ज्यांना स्मरते, त्यांना म्हाडाने स्वतः अंगावर घेतलेल्या वरळीच्या कामाचे मोल निराळे सांगावयास नको.

आमचा प्रश्न किल्ली मिळाल्यानंतरचा आहे. जुनी चाळ तळमजला आणि वर तीन मजले एवढीच. तिला जिना पुरत असे, आणि जिन्याला वीज लागत नाही. नवी इमारत चाळीस मजल्यांची आहे. तिच्यातील माणूस लिफ्टने वर जातो, पाणी पंपाने वर चढते. आग लागल्यास बंबाची शिडी जेथवर पोहोचत नाही तेथे इमारतीच्या स्वतःच्या यंत्रणेवरच भिस्त. ही सर्व यंत्रे अहोरात्र चालू ठेवावी लागतात आणि काही वर्षांनी बदलावी लागतात. चाळीत नळ बंद पडला तर बादली घेऊन खाली उतरता येई. पस्तिसाव्या मजल्यावरील वृद्धेने लिफ्ट बंद पडलेल्या दिवशी काय करावे?

या चाळींचा पूर्वेतिहास या बाबतीत मोठा बोलका आहे. १९२० साली गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ स्थापन झाले आणि त्या दशकात गिरणी कामगारांसाठी या इमारती उभ्या राहिल्या. परंतु घरांसाठी एवढा हाहाकार असलेल्या शहरात यांतील पुष्कळ खोल्या प्रारंभी रिकाम्या राहिल्या! भाडे कामगाराच्या मिळकतीला झेपेना. वरळीच्या काही इमारतींचा उपयोग तर १९३० च्या सुमारास सत्याग्रहींना कोंडण्यासाठी झाला. सरकारने खोल्या बांधल्या होत्या; त्यांत राहावयास महिन्याकाठी किती लागेल आणि ते कोठून यावे, याचा विचार मात्र राहून गेला होता. शंभर वर्षांनी तोच विचार पुन्हा राहू नये.

प्रारंभीची काही वर्षे देखभालीचा भार यंत्रणेकडे राहील, असे सांगण्यात आले आहे. हे योग्यच झाले. तथापि लिफ्ट नवी असते तेव्हा खर्च थोडाच असतो; तो वाढतो मुदत सरल्यावर. त्या वेळी सेवानिवृत्त शिपाई, टॅक्सीवाला किंवा चार घरची धुणीभांडी करणारी विधवा यांना दरमहा काही हजारांचे देयक भरता आले नाही, तर दोनच वाटा उरतील: थकबाकीने इमारत खिळखिळी होऊ द्यावी, किंवा घर विकून बदलापूर-विरारची गाडी पकडावी. मग आपल्यासारखेच शिकलेले लोक म्हणणार, “फुकटचे मिळाले, म्हणून विकून मोकळे झाले!” हा उपहास करणाऱ्यांपैकी कित्येकांची गिरगाव-दादरची जुनी घरे आज विकासकाकडे आहेत, आणि पेन्शनीत नव्या इमारतीचे मासिक शुल्क कसे बसवावे याची चिंता त्यांच्याही घरी चालू आहे.

लहान घराला मोठ्या घराच्या मापाने आकारणी करू नये, हे तत्त्व राज्याने यापूर्वी मान्य केलेले आहे. मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ताकर माफ आहे. तेच तत्त्व देखभालीला लावावे. बी. डी. डी. चाळींच्या जागेवर केवळ रहिवाशांचीच घरे होणार नाहीत, विक्रीसाठीही इमारती होतील, आणि वरळीसारख्या ठिकाणी त्यांना येणारे मोल काय असेल हे कोणास सांगणे नलगे. त्या उत्पन्नाचा एक ठराविक हिस्सा कायम निधी म्हणून बाजूला काढावा, मुद्दलास हात न लावता व्याजातून लिफ्ट, पंप व अग्निशमन यांचा खर्च भागवावा, आणि निधीचे हिशेब रहिवाशांच्या संस्थेपुढे दरवर्षी ठेवावेत. विक्रीच्या इमारतींचा पैसा एकदा सरकारी तिजोरीत मिसळला, की तो चाळकऱ्यांसाठी परत काढणे किती दुर्घट असते, हे सांगावयास ज्योतिषी नको.

ज्या इमारतींच्या किल्ल्या अद्याप द्यावयाच्या आहेत, तेथील प्रत्येक रहिवाशाच्या हाती ताबापत्राबरोबर आणखी एक कागद द्यावा: मोफत देखभालीची मुदत कोणत्या तारखेस संपते, त्यानंतर त्याच्या घरास दरमहा अंदाजे किती भरावे लागेल, आणि त्यातील किती वाटा निधी उचलील. म्हाडाजवळ अभियंते आहेत, लेखापाल आहेत. एवढा हिशेब करणे त्यांना अवघड जाऊ नये. वरळीच्या ५५६ कुटुंबांनाही तो कागद आताच पाठवावा.