शिडी कुणी धरली होती?

शीव-ट्रॉम्बे रस्त्याने चेंबूर मागे टाकून देवनारकडे निघाले की मुंबईचे तीन निरनिराळे चेहरे पाठोपाठ दिसू लागतात. रस्त्यालगत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे झाडीत दडलेले शांत आवार आहे. त्याच रस्त्याने पुढे गेले की भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कर्मचाऱ्यांची अणुशक्तिनगर ही नीटनेटकी वसाहत लागते. आणि हार्बर मार्गाचे रूळ ओलांडून पलीकडे गेले की शिवाजीनगर, बैगनवाडीच्या दाट वस्त्या आणि त्यांच्या पाठीशी १९२७ पासून साचत गेलेला कचऱ्याचा डोंगर. हा सगळा परिसर महापालिकेच्या एकाच, म्हणजे एम-पूर्व, प्रभागात मोडतो. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात याच प्रभागाचा निर्देशांक साऱ्या मुंबईत सर्वांत खालचा ठरला होता. यशाचे श्रेय व्यक्तीच्या प्रतिभेला द्यायचे की तिला लाभलेल्या परिस्थितीला, या प्रश्नावर तावातावाने बोलणाऱ्यांनी हा फेरफटका एकदा अवश्य मारावा.

हा प्रश्न सॉफ्टवेअर उद्योजकांच्या बाबतीत विशेष जिव्हाळ्याने चर्चिला जातो, आणि त्याला कारणही आहे. कापडगिरण्या, साखर कारखाने, बांधकाम यांतून श्रीमंत झालेल्यांविषयी मध्यमवर्गाला कधी फारसे ममत्व वाटले नाही. तेथे वाडवडिलांची पेढी असते, जमीन असते, राजकारण असते. सॉफ्टवेअरमधील यश मात्र त्याला स्वतःचे वाटले. भांडवल म्हणजे केवळ बुद्धी, कच्चा माल म्हणजे केवळ परिश्रम, आणि लाच देण्याची गरज नाही, असे या उद्योगाचे चित्र घराघरांत रंगवले गेले. याउलट विद्यापीठीय चर्चासत्रांतून गेली काही वर्षे 'प्रिव्हिलेज' हा शब्द सर्रास वापरला जातो. या मंडळींच्या मते या उद्योजकांचे कर्तृत्व हा निव्वळ भ्रम आहे. जात, वर्ग आणि इंग्रजी यांच्या बळावर त्यांना सगळे आयते मिळाले. दोन्ही बाजूंना आपल्या सिद्धांताची इतकी खात्री आहे की माणसांच्या प्रत्यक्ष आयुष्याकडे पाहण्याची गरज कुणालाच वाटत नाही.

ज्या कथेवर मध्यमवर्ग वाढला, ती इन्फोसिसचीच कथा घ्यावी. १९८१ साली नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी पुण्यात कंपनी स्थापन केली. सुधाताईंनी आपल्या बचतीतून दिलेले दहा हजार रुपये हे तिचे भांडवल. टेलिफोनच्या जोडणीसाठी वर्षभर ताटकळावे लागले, संगणक आयात करण्याच्या परवान्यासाठी दिल्लीच्या खेपा घालाव्या लागल्या. हे सारे खरे आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. त्या काळी आयआयटीतून बाहेर पडलेल्या कितीतरी बुद्धिमान तरुणांनी अमेरिकेचा रस्ता धरला होता. जे येथे राहिले, त्यांतील बहुतेकांनी सुरक्षित नोकरी पत्करली. तीच पदवी आणि तीच परिस्थिती लाभूनही उडी घेणारे थोडेच निघाले. परिस्थितीच सर्व काही घडवते असे म्हणणाऱ्यांकडे या साध्या गोष्टीचे उत्तर नसते.

परंतु दहा हजार रुपये हेच त्यांचे एकमेव भांडवल होते, असे मात्र म्हणता येणार नाही. मूर्तींचे पदव्युत्तर शिक्षण कानपूरच्या आयआयटीत, तर नंदन निलेकणी यांचे शिक्षण पवईच्या आयआयटीत झाले. पवईची संस्था १९५८ साली उभी राहिली ती सरकारने दिलेल्या विस्तीर्ण जमिनीवर आणि युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत साहाय्यावर. तेथे शिकणाऱ्याला भरावे लागणारे शुल्क नाममात्र होते. उरलेला खर्च कुणी सोसला? ज्याच्या मुलाने आयआयटीचे प्रवेशद्वारही कधी पाहिले नाही, त्या शेतकऱ्याने आणि गिरणी कामगाराने काडेपेटीपासून कापडापर्यंत प्रत्येक वस्तूवर भरलेल्या अप्रत्यक्ष करातून तो सोसला. पुढे १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला, तेव्हा देशी कंपन्यांना मोकळे मैदान मिळाले. १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सुलभ केली. १९९१ पासून सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कच्या योजनेतून उपग्रहाद्वारे दळणवळणाची सोय झाली, आणि या योजनेतील कंपन्यांच्या निर्यातीच्या नफ्याला असलेली आयकराची सवलत थेट मार्च २०११ पर्यंत चालू राहिली. सरकार आडवे आले नाही म्हणून हा उद्योग वाढला, हे वाक्य व्याख्यानांतून अनेकदा ऐकू येते. ते टाळ्या मिळवणारे असले तरी अर्धेच खरे आहे.

मूर्तींच्याच आयुष्यातील आणखी एक प्रसंग या संदर्भात महत्त्वाचा आहे. आयआयटीची प्रवेश परीक्षा ते शालेय शिक्षण संपताच उत्तीर्ण झाले होते, पण शाळाशिक्षक असलेल्या वडिलांना तो खर्च झेपण्यासारखा नव्हता. म्हणून त्यांनी म्हैसूरच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि नंतर कानपूर गाठले. हा प्रसंग दोन्ही पक्षांना अडचणीचा आहे. ज्याला आयते मिळाले म्हणून हिणवले जाते, त्याची पहिली संधी पैशाअभावी हुकली होती. आणि ज्याच्याकडे काहीच नव्हते म्हणून त्याचा गौरव होतो, त्याच्या घरी एक शिक्षक होता. घरात पैसा नव्हता, पण पुस्तक होते. परीक्षा म्हणजे काय, अर्ज कोठे मिळतो, कोणत्या महाविद्यालयाला काय मोल आहे, हे सांगणारे माणूस जेवणाच्या पंगतीत शेजारी बसलेले होते.

या पिढीतील बहुतेक उद्योजकांचे गुपित येथे दडलेले आहे. पुण्यात १९९० साली पर्सिस्टंट सिस्टिम्स उभी करणारे आनंद देशपांडे यांचे बालपण भोपाळला गेले. वडील 'भेल'मध्ये नोकरीस होते. पुढे खरगपूरची आयआयटी, इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट आणि ह्युलेट पॅकार्डच्या प्रयोगशाळेतील अनुभव. सार्वजनिक उद्योगांच्या वसाहतींनी या देशाला जे दिले, त्याचा हिशेब अजून कुणी नीट मांडलेला नाही. देवनारलगतचे अणुशक्तिनगर हे त्याचेच उदाहरण. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रॉम्बेच्या केंद्रात टीडीसी-१२ या भारतीय संगणकाची रचना झाली आणि त्याचे उत्पादन हैदराबादच्या ईसीआयएलने केले, हे अनेकांना ठाऊकही नसेल. पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्या वसाहतीतील शाळा. तेथे शास्त्रज्ञाचा मुलगा आणि कार्यशाळेतील फिटरचा मुलगा एकाच वर्गात बसतात. फिटरच्या मुलाला शेजारच्या बाकावरच्या मित्राच्या घरी जाऊन गणित विचारता येते. ही अनुकूलता त्याला जातीने वा संपत्तीने दिलेली नाही. ती एका संस्थेने, विचारपूर्वक, सार्वजनिक पैशातून निर्माण केली.

रुळांच्या पलीकडच्या मुलाला हे शेजारपण नाही. त्याच्यात बुद्धी नाही असे कोण म्हणेल? कचऱ्यातून तांबे, पितळ, निरनिराळ्या प्रकारचे प्लास्टिक क्षणार्धात ओळखून वेगळे करणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाची निरीक्षणशक्ती कोणत्या प्रज्ञा-चाचणीत मोजणार? २०१६ च्या जानेवारीत कचराभूमीला आग लागली, तेव्हा धुराचे लोट थेट चेंबूरच्या सोसायट्यांत शिरले आणि वर्तमानपत्रांचे मथळे सजले. त्या धुरात बारा महिने शिकणाऱ्या मुलांची आठवण साऱ्या शहराला झाली ती तेव्हा. टाटा संस्थेने २०११ मध्ये आपल्या अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने या प्रभागाच्या परिवर्तनाचा प्रकल्प हाती घेतला होता. त्या संस्थेतील वैचारिक वातावरणाशी मतभेद असणाऱ्यांनीही हे श्रेय मोकळेपणाने द्यायला हवे. कुंपणापलीकडच्या वस्तीकडे तिने निदान पाहिले.

परिस्थिती सर्वतोपरी प्रतिकूल असूनही उद्योग उभारणारी माणसे नाहीत काय? आहेत. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात महिना ४०० रुपयांवर लागले. पुढे स्वतःचे दुरुस्तीचे दुकान, मग संगणक दुरुस्ती, आणि अखेर 'क्विक हील' हे विषाणूरोधक सॉफ्टवेअर. २०१६ च्या फेब्रुवारीत त्यांच्या कंपनीचे समभाग शेअर बाजारात आले. पहिल्या पक्षाला ही कथा अतिशय प्रिय आहे, कारण तीत पदवी नाही, इंग्रजी नाही, वडिलोपार्जित पैसा नाही. मात्र ती सांगताना एक पात्र मागे राहते. ते सॉफ्टवेअर लिहिले धाकटे बंधू संजय यांनी. थोरल्या भावाने त्यांना संगणक शिकण्यास प्रवृत्त केले आणि पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. थोरला भाऊ दुकानात राबला, धाकट्याने त्या दुकानातल्या संगणकांवर हात बसवला. कैलासरावांच्या वाट्याला शिडी आली नाही. ते स्वतःच भावाची शिडी झाले.

महाराष्ट्राला या विषयाचा धडा घेण्यासाठी सिअॅटलपर्यंत जाण्याचे कारण नाही. बिल गेट्स यांना १९६८ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, शाळेतच संगणकाचे टर्मिनल हाताळायला मिळाले, हे उदाहरण जगभर दिले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या असामान्य प्रतिभेविषयी तर दुमत असण्याचे कारणच नाही. पण त्यांचे वडील सुभेदार रामजी हे लष्कराच्या शाळेत शिक्षक होते, म्हणजे त्या घरातही अक्षर होते. केळुसकर गुरुजींनी मुलाची बुद्धी हेरली आणि सयाजीराव महाराजांपर्यंत पोहोचवली. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांची प्रतिभा शिष्यवृत्तीने निर्माण केली नाही, परंतु शिष्यवृत्ती नसती तर तिचे काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. आणि स्वतः बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापून इतरांसाठी दारे उघडली.

येथे मध्यमवर्गीय कुटुंबांनी काहीसे कटू वाटणारे परीक्षण करायला हवे. राखीव जागांचा विषय निघाला की 'गुणवत्ता' हा शब्द घराघरांतून ऐकू येतो. २००६ मध्ये केंद्रीय उच्च शिक्षण संस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वेळी तो रस्त्यावरही ऐकू आला. पण १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि देणगी मोजून प्रवेश मिळू लागले, तेव्हा त्या मुलांच्या गुणवत्तेची चौकशी किती घरांनी केली? त्यांतील अनेकजण पुढे उत्तम अभियंते झाले. संधी मिळाली की मूल वाढते, हेच त्यातून सिद्ध झाले. मग तोच निष्कर्ष दुसऱ्या मुलाला लावताना जीभ का अडखळते? बाळासाहेब देवरसांनी ८ मे १९७४ रोजी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत सामाजिक समतेविषयी जी निःसंदिग्ध भूमिका मांडली, तिला अर्धशतक उलटून गेले. ती बौद्धिक वर्गात सांगणे सोपे आहे, घरातील प्रवेशाच्या हंगामात आठवणे कठीण.

मात्र यावरून यशस्वी माणसाने अपराधी भावनेने मान खाली घालावी, असा जो आग्रह दुसरा पक्ष धरतो, तो स्वीकारता येत नाही. अपराधाच्या भावनेतून एकही शाळा उभी राहिलेली नाही. हिंदू परंपरेने माणसाला जन्मतः ऋणी मानले आहे. ऋणी असणे आणि अपराधी असणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अपराध्याला शिक्षा होते, ऋणको परतफेड करतो, आणि परतफेड करताना त्याची मान ताठच असते. चेंबूरकरांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. फाळणीत सिंधमधील घरदार सोडून आलेले संघाचे कार्यकर्ते हशू अडवाणी यांनी १९६२ मध्ये विवेकानंद एज्युकेशन सोसायटी सुरू केली. निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या वसाहतीला शाळा मिळाली, महाविद्यालये मिळाली, १९८४ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयही मिळाले. तेथून शिकून सॉफ्टवेअर क्षेत्रात गेलेल्यांनी आपल्या यशाच्या हिशेबात त्या निर्वासिताचे नाव कोणत्या रकान्यात लिहिले आहे, ते त्यांनाच ठाऊक.

कार्यकर्त्यांनीही स्वतःला एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. १९६२ मध्येच आप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, ती प्रज्ञावान मुले शोधून त्यांना देशकार्याकडे वळवण्यासाठी. तो प्रयोग मोलाचा ठरला. पण प्रज्ञेचा शोध सदाशिव पेठेतून सुरू केला की ती तेथे सापडतेच. गिरीश प्रभुणे यांनी पारध्यांच्या पालांवर जाऊन तिचा शोध घेतला, यमगरवाडीला शाळा उभी राहिली, आणि तेथेही ती सापडली. मुंबईच्या पूर्व उपनगरांत हा शोध कुठवर आला आहे? मुलुंड, घाटकोपर, चेंबूर येथील निवृत्त अभियंते आणि शास्त्रज्ञ यांची संख्या मोठी आहे. सकाळच्या फेरफटक्यानंतर अमेरिकेतील नातवाशी पडद्यावर बोलून झाले की त्यांचा दिवस रिकामा असतो. गोवंडीच्या वस्तीत जी मुले आहेत त्यांत मुस्लिम मुले मोठ्या संख्येने आहेत, उत्तरेकडून आलेली आहेत, मराठवाड्यातून आलेल्या दलित कुटुंबांतील आहेत. त्यांच्या हाती स्वस्त मोबाइल आला आहे, पण दहा बाय दहाच्या खोलीत वही पसरायला जागा नाही. प्रोग्राम लिहायला शिकायचे तर टेबल, खुर्ची, कळफलक आणि चुकले तर न रागावता पुन्हा सांगणारे माणूस लागते. त्यांपैकी पहिल्या तीन गोष्टी देणगीतून येतील. चौथीसाठी चेंबूरला गाडीत बसून पुढच्याच स्थानकावर, गोवंडीला, उतरावे लागेल.