स्वीकृतीची सही कोणाच्या भरवशावर?

'संगणकाची चूक आहे' असे सरकारी खिडकीवरून सांगितले की सामान्य माणूस निरुत्तर होतो. परंतु संगणक स्वतःहून चुकत नाही. त्याला चुकीचे शिकविणारा कोणी असतो आणि ते न तपासता सही करणाराही कोणी असतो. आमचा सवाल या दुसऱ्याला आहे.

नवी संगणक यंत्रणा सुरू करण्यापूर्वी 'युजर ॲक्सेप्टन्स टेस्ट' म्हणजे वापरकर्त्याची स्वीकृती चाचणी घ्यावी लागते. कंपनीच्या इंजिनिअरांनी केलेली तपासणी वेगळी आणि ही वेगळी. ज्याला रोज त्या यंत्रणेवर काम करायचे आहे, त्याने आपल्या खऱ्या कामाची उदाहरणे घालून ती वापरून पाहायची, दोष लेखी नोंदवायचे आणि ते दूर झाल्यावरच स्वीकृती द्यायची. कायद्याच्या भाषेत या स्वीकृतीला मोठे वजन आहे. बहुतेक करारांत कंपनीचे बिल आणि जबाबदारी तिच्याशी बांधलेली असते. एकदा सही झाली की 'माल बरोबर नव्हता' हे सिद्ध करण्याचे ओझे घेणाऱ्यावर येऊन पडते.

ही चाचणी नावापुरती केली तर काय होते? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने मार्च 2010 मध्ये आरोग्य खात्याच्या सुमारे 78 हजार कर्मचाऱ्यांच्या पगाराची नवी यंत्रणा सुरू केली. चाचणीत दोषांमागून दोष सापडत होते. ते दूर करण्याऐवजी गंभीर दोषांचा दर्जा खाली आणला गेला आणि उत्तीर्ण होण्याचे निकष सैल केले गेले. सर्वांचा पगार जुन्या व नव्या यंत्रणेवर एकाच वेळी काढून ताळा पाहण्याची पूर्ण चाचणी झालीच नाही. परिणामी हजारो कर्मचाऱ्यांना कमी पगार मिळाला, कोणाला जास्त गेला, तर कोणाला मिळालाच नाही. 2013 च्या चौकशी आयोगाने या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. एकूण खर्च सुमारे 120 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर जाईल, असा अंदाज होता. कॅनडा सरकारनेही 2016 मध्ये 'फिनिक्स' ही पगार यंत्रणा एका खात्यात आधी चालवून पाहण्याचा बेत रद्द करून सुरू केली आणि तेथेही हजारो कर्मचाऱ्यांच्या पगाराचे हाल झाले.

तेथे पगार अडकला, आमच्याकडे शिक्षण अडकते. 2017-18 मध्ये महाडीबीटी पोर्टल सुरू झाले तेव्हा शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना विद्यार्थ्यांना तांत्रिक अडचणींनी जेरीस आणले. शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही की कॉलेज फीसाठी तगादा लावते आणि पहिल्या पिढीतला विद्यार्थी घरी बसतो. असे पोर्टल मंत्रालयातल्या वेगवान इंटरनेटवर चालून दाखविले म्हणजे चाचणी झाली काय? ज्याच्या आधारवरील नाव आणि जातीच्या दाखल्यावरील नाव यांत एका अक्षराचा फरक आहे, ज्याचे बँक खाते आधारला जोडलेले नाही, जो तालुक्याच्या सायबर कॅफेत रांगेत उभा आहे, त्याचा अर्ज शेवटपर्यंत जातो की नाही, हे पाहणे म्हणजे चाचणी!

दुसऱ्या बाजूचे ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व आहे. यंत्रणा अर्ज नाकारते तेव्हा तीही निर्णयच देत असते. मग ती सुरू करण्याआधी ज्यांचे हित पणाला लागले आहे त्यांचे ऐकून घ्यायला नको काय?

म्हणून आमची मागणी साधी आहे. लोकांच्या हक्काची कोणतीही यंत्रणा सुरू करण्यापूर्वी स्वीकृती चाचणीत विद्यार्थी, कॉलेजचे लिपिक आणि तालुका पातळीवरील कर्मचारी असलेच पाहिजेत. सापडलेले दोष, शिल्लक दोष आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव जाहीर झाले पाहिजे. यंत्रणा स्थिरावेपर्यंत कागदी अर्जाचा मार्ग खुला राहिला पाहिजे. शासन हे आपण होऊन करणार नसेल, तर माहिती अधिकार कायदा 2005 आपल्या हाती आहे. कार्यकर्त्यांनी स्वीकृती अहवालाची प्रत मागावी आणि सही कोणी, कशाच्या आधारे केली हे विचारावे.