पथ्य लिहिले, धान्य कोठून आणावे?

औषधयोजनेच्या खाली पथ्य लिहिल्याशिवाय आपली चिकित्सा पूर्ण होत नाही. स्थूल व प्रमेही रुग्णास आपण यव, कोद्रव, श्यामाक सुचवितो. ज्वरमुक्तास पेया, विलेपी, मुद्गयूष सांगतो. चरकसंहितेच्या अन्नपानविधी अध्यायात आहारद्रव्यांचे बारा वर्ग सांगितले असून त्यांचा आरंभ शूकधान्यांपासून होतो. परंतु रुग्ण आपली चिठ्ठी घेऊन बाजारात गेला की कोद्रा व सावा ही नावे दुकानदारास ठाऊक नसतात, आणि मिळालेच तर त्यांचे मूल्य त्यास परवडत नाही. अशा वेळी पथ्य कागदावरच राहते. म्हणूनच स्थानिक अन्नधान्यासाठी शासन जे अनुदान देते, त्याचा विचार हा केवळ कृषिखात्याचा विषय नसून आपल्या चिकित्सेचाही विषय आहे.

गेल्या काही वर्षांत या दिशेने घोषणा पुष्कळ झाल्या. २०१८ मध्ये केंद्र शासनाने भरड धान्यांस 'पौष्टिक तृणधान्ये' असे नाव दिले. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष म्हणून पाळले. २०२० मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी १०,००० कोटी रुपयांची केंद्रीय योजना आली. तीत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, इतके कर्जाशी निगडित अनुदान ठेवण्यात आले. बचत गटांतील सदस्यांस प्रत्येकी ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद करण्यात आली. यंत्रांची ही गरज खरी आहे. नाचणी थेट दळता येते, पण वरई, कोद्रा व सावा यांचे कठीण टरफल काढावे लागते. हे काम पूर्वी घरातील स्त्रिया उखळ-मुसळाने करीत. ते कष्ट असह्य झाले, तशी ही धान्ये ताटातून मागे पडली.

तथापि यंत्र आले म्हणजे ग्राहक आला असे नव्हे. अनुदानाची खरी कसोटी यंत्र किती दिली ही नसून धान्य कोणी, कोणत्या भावाने विकत घेतले ही आहे. २०२५-२६ साठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये, तर साधारण भाताचा २,३६९ रुपये जाहीर झाला. आकडा आकर्षक आहे; पण गावाजवळ खरेदी केंद्र नसेल तर तो शेतकऱ्याच्या हाती पडत नाही. वरई, कोद्रा व सावा यांना तर केंद्राचा हमीभावच नाही. ओडिशा राज्याने २०१७ पासून दुसरा मार्ग धरला. तेथे शासनाने शेतकऱ्यांकडून हमीभावाने नाचणी घेतली, शिधावाटप दुकानांतून ती लोकांस दिली आणि काही जिल्ह्यांत अंगणवाडीतील बालकांस नाचणीचे लाडू दिले. म्हणजे पेरणीपासून मुखापर्यंतची साखळी जोडली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातही गहू-तांदळाबरोबर भरड धान्याची तरतूद आहेच. नाशिक, पालघर, नंदुरबार या नागली-वरई पिकविणाऱ्या जिल्ह्यांत त्याच जिल्ह्याचे धान्य शिधापत्रिकेवर व अंगणवाडीत नियमित दिले जावे, ही मागणी आपल्या संघटनेने का करू नये?

येथे दोन धोके लक्षात घ्यावेत. पहिला शास्त्राचा. ही धान्ये सर्वांस सदैव हितकर, असा जो प्रचार चालतो तो आपणास मान्य होण्यासारखा नाही. कोद्रव-श्यामाक रूक्ष व कर्षण करणारी आहेत. म्हणूनच ती स्थौल्यात सांगितली. कृश, वातप्रधान किंवा मंदाग्नी रुग्णास ती विचारपूर्वकच द्यावी लागतील. हा विवेक शासकीय आहारसमित्यांपुढे मांडण्याचे काम वैद्यांखेरीज दुसरे कोण करणार?

दुसरा धोका व्यापाराचा. २०२२ मध्ये 'आयुर्वेद आहार' या वर्गासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम आले आणि औषधी दुकानांस नवे दालन उघडले. हे स्वागतार्ह आहे. परंतु डोंगरावरील नागली शहरात सुबक पिशवीतून महागड्या भावाने विकली जावी आणि ती पिकविणाऱ्या घरी मात्र केवळ तांदूळ शिजावा, अशी स्थिती आली तर ते अनुदान अन्नासाठी नव्हे, वेष्टनासाठी दिले असे म्हणावे लागेल.

म्हणून वैद्यबंधु-भगिनींनी पथ्य लिहिताना आपल्याच तालुक्यात पिकणारे धान्य, त्याचे स्थानिक नाव व पाककृती लिहावी. औषधी दुकानदारांनी जवळच्या बचत गटाशी वर्षभराच्या खरेदीचे वचन करून रास्त भावाने ते ठेवावे. असे लेखी वचन हाती असलेल्या गटास बँकेपुढे उभे राहणे सोपे जाते आणि घेतलेले यंत्रही बंद पडून राहत नाही. शासनाने पैसा द्यावा, हे योग्यच. पण त्या पैशाने पिकलेल्या धान्यास नित्याची मागणी मिळवून देणे आपल्या लेखणीच्या आवाक्यात आहे.